बाईंवर लिहिण्याआधी

बाळा,

आजीच्या वर्षश्राद्धाला घरची छोटी पुस्तिका काढायची आहे आणि लिहायला बसलं की ‘प्रेमळ, शिस्तप्रिय, सेवाभावी’ यापुढे काही सुचत नाही, असं तू लिहिलंस. माझी आई गेली तेव्हा मीही हेच तीन शब्द लिहिले होते. आज तो कागद हातात घेतला की त्यात आई कुठे सापडत नाही. कुणाचीही आई असावी तशी ती दिसते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी आजीची पत्र्याची पेटी उघड. जुन्या पत्रांत ‘कां’, ‘नाहीं’, ‘घरें’ अशी टिंबं दिसतील. त्या चुका समजू नकोस आणि छापताना काढूनही टाकू नकोस. १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. तुझी आजी, म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई, तेव्हा पाच-सहा वर्षं शिकवत होत्या. काल ज्या टिंबासाठी पोराच्या पाटीवर खूण केली, तेच टिंब आज पुसायला सांगायचं! हिशेबाचंही तेच. १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, मग शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले. आमच्याकडून बाईंनी पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेतले होते. माझ्या धाकट्या बहिणीला त्यांनीच दशांश चिन्ह शिकवलं. त्यासाठी रात्री स्वतः पाटी घेऊन बसायच्या, हे मी पाहिलंय. ‘त्या शिक्षिका होत्या’ असं लिहिशील तेव्हा ही पाटी त्यात आली पाहिजे.

सेवापुस्तकाची प्रत मिळाली तर बदल्यांची गावं कळतील. जिल्हा परिषदा १९६२ च्या मे महिन्यात आल्या, त्यामुळे आधीच्या नोंदी स्कूल बोर्डाच्या असतील. जन्मतारीख १ जून दिसली तर लगेच विश्वास ठेवू नकोस. नाव घालताना गुरुजी सर्रास तीच तारीख टाकत. आणि त्या स्वतः शिकल्या त्या शाळेच्या जनरल रजिस्टरात त्यांना माहेरच्या नावानं शोध.

शाळेबाहेर त्यांनी जे केलं त्याला कागद नाही. ते माणसांकडूनच गोळा करावं लागेल. १९५९ साली आपल्या सातारा जिल्ह्यात प्रौढांना साक्षर करणारी ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. दिवसभर आम्हाला शिकवून बाई रात्री कंदील घेऊन देवळात बायकांचा वर्ग घ्यायच्या. माझी आई तिथेच सही करायला शिकली. पहिल्यांदा सही केली त्या दिवशी तिनं चुलीच्या कोळशानं आमच्या भिंतीवर तीच सही चार वेळा काढली होती. आणि बघ, आईवर लिहिताना मी नेमकं हेच विसरलो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतर बाई पाटणकडे गेल्या होत्या, एवढंच मला ठाऊक आहे. तिथे काय केलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. १९७२ च्या दुष्काळातलं मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. बायका दुष्काळी कामावर खडी फोडायला बसायच्या, पोरं धुळीत. बाई सुट्टीच्या दिवशी त्या पोरांना बाभळीखाली गोळा करायच्या आणि सुकडी, म्हणजे दुष्काळात मिळणारा कोरडा खाऊ, वाटून होईपर्यंत धुळीवरच अक्षरं गिरवून घ्यायच्या.

आता अवघड भाग. तुझ्या बाबांना विचार, त्या रात्रीच्या वर्गाच्या वेळी ते कुठे असायचे. ते शेजारच्या ओसरीवर आईची वाट बघत झोपून जायचे. त्यांच्या मनात ते अजून आहे, हे एकदा त्यांनीच मला सांगितलं. तुझ्या वेण्या घालायला, तुला गोष्ट सांगायला आजीला जो निवांतपणा होता, तो बाबा लहान असताना त्यांच्या वाट्याला आलाच नव्हता. हे झाकू नकोस. बाबांना विचारून, त्यांना चालेल तसंच लिही, पण लिही. मला तर वाटतं, तुला मिळालेला तो निवांतपणा बघून बाबांनाही बरं वाटत असणार.

विचारताना ‘आजी कशी होती?’ असं विचारू नकोस, लोक पुन्हा विशेषणंच देतील. ‘तुमच्या घरी आली की कुठे बसायची? तुम्हाला कशावरून रागावली होती?’ असं विचार. नंतर गप्प बस. म्हातारी माणसं थांबून थांबून बोलतात, मधली जागा तू भरू नकोस.

लिहायला घाई नाही, पण भेटायला आहे. पाटणला बाईंच्या बरोबरीच्या एक शिक्षिका आहेत, कोयनेच्या वेळी त्या सोबत होत्या. वय नव्वदीला टेकलंय. पहिल्यांदा त्यांच्याकडे जा, आणि सकाळी अकराच्या आत जा. दुपारनंतर त्यांना फार बोलवत नाही.

तुझ्या आजीचा विद्यार्थी