गावाचं कोर्ट कोणतं, ते आधी विचार

सांगली

अनेक आशीर्वाद.

दक्षिण सातारा जिल्ह्यावरचं तुझं टिपण दोनदा वाचलं. भाषा चांगली आहे, पण सुरुवात मला पटली नाही. 'दक्षिण सातारा जिल्हा 1 ऑगस्ट 1949 रोजी जन्माला आला' असं तू लिहिलं आहेस. तारीख बरोबर. पण त्या दिवशी जे एकत्र आलं, त्याचे तुकडे शंभर-सव्वाशे वर्षं वेगवेगळ्या धन्यांकडे नांदत होते, आणि प्रत्येकाचा न्याय वेगळा होता. पुढे महाराष्ट्र राज्य झालं, जिल्ह्याला सांगली हे नाव मिळालं, आणि लोक जुनं नावसुद्धा विसरले. तुला कोर्टकचेऱ्यांच्या अंगानं लिहायचं आहे ना? मग प्रत्येक गावापुढं एकच प्रश्न ठेव: अमक्या साली इथला माणूस फिर्याद घेऊन कुठं जायचा?

नकाशा समोर धर. 1848 मध्ये अप्पासाहेब महाराज वारले, दत्तक नामंजूर झाला, सातारचं राज्य कंपनीनं खालसा केलं. वाळवा, खानापूर, तासगाव ही पुढं इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. सांगली, मिरज, बुधगाव पटवर्धनांची, पण तीन वेगळ्या गाद्यांची. सांगलीहून बुधगाव ते केवढं लांब! तरी मुलूख बदलायचा. आटपाडी औंधच्या पंतप्रतिनिधींचं, जत डफळ्यांचं. सांगली संस्थानचा एक तुकडा मंगळवेढ्याला, एक तेरदाळला, एक शहापूरला, म्हणजे बेळगावला खेटून. सलग असं काही नव्हतंच. त्यामुळं 'सीमाभाग' म्हटलं की तू फक्त कर्नाटकाकडं बोट दाखवतोस ते सोड. सीमा घराच्या परसात होत्या.

त्याचा अर्थ कळायला कुंडल बघ. आजूबाजूला इंग्रजी मुलूख आणि कुंडल मात्र औंध संस्थानात. शेजारची किर्लोस्करवाडीही औंधचीच, 1910 ची वसाहत. 1943 पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता चालवलेलं समांतर सरकार, ह्या पट्ट्यात जोरात चाललं आणि कुंडल त्याचं मोठं ठाणं झालं. हे नुसतं शौर्यानं झालं असं लिहू नकोस. संस्थानी हद्दीत इंग्रजी पोलिसांना हवं तसं शिरता यायचं नाही, आणि औंधचा राजा मनानं चळवळीच्या बाजूचा. औंधनं 1939 मध्येच घटना करून कारभार गावपंचायतींकडं सोपवला होता, गावचे तंटे गावातच मिटवण्यावर भर दिला होता. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, कैद्यांची ती खुली वसाहत, त्याच वर्षांतली. इकडं प्रतिसरकारची न्यायदान मंडळंही गावात बसून निवाडे करत होती: सावकारी, जमिनीची भांडणं, नांदवत नसलेली सून. पत्री मारण्याच्या, म्हणजे तळपायावर फटके देण्याच्या, गोष्टी सगळे चवीनं सांगतात. तू मंडळासमोर आलेल्या साध्या दाव्यांमागं लाग. साताऱ्याच्या मुन्सफापुढं वर्षानुवर्षं तारखा घेणाऱ्या माणसाला चावडीसमोर एका रात्रीत निकाल मिळाला, तर त्याला काय वाटलं असेल? (आणि विरुद्ध निकाल लागला त्यालाही विचार. अपील कुठं करायचं, हा प्रश्न त्यालाही पडला असेलच.)

आता जत. इथं घाई करू नकोस. डफळापूर हे आधी वेगळं छोटं संस्थान, 1917 मध्ये ते जतला मिळालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्या मुलखाचा पोलिटिकल एजंट, म्हणजे संस्थानांवर इंग्रजांच्या वतीनं देखरेख ठेवणारा अधिकारी, विजापूरचा कलेक्टरच असायचा. म्हणून जतचा कागद सातारच्या दप्तरात मिळाला नाही तर 'कागद नाही' असं लिहून मोकळा होऊ नकोस, विजापूरच्या बाजूनं शोध. 8 मार्च 1948 ला दक्षिणेतली संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली तेव्हा जतही आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला विजापूर म्हैसूर राज्यात गेलं आणि जत इकडं राहिलं. उमदी, संख भागात घरात कन्नड, कचेरीत मराठी. पुढं सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं 1967 च्या अहवालात जतमधली चाळीसेक गावं पलीकडं द्यावीत असं सुचवलं. महाराष्ट्रानं अहवाल मानला नाही. 2004 पासून सीमेचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. 2022 मध्ये पुन्हा जतच्या गावांवरून वाद पेटला, तेव्हा गावकऱ्यांच्या तोंडी भाषेच्या आधी पाणी होतं. हे तुझ्या टिपणात एका ओळीत आलंय. तिथं दोन पानं हवीत.

कागद वाचताना आणखी एक. जुन्या मोडी कागदावर सन 'अर्बा सबैन मया व अलफ' असा अरबी शब्दांत दिसेल, हा शुहूर सन. चार, सत्तर, शंभर, हजार: 1174. त्यात 599 मिळव, इसवी सन 1773. मृग लागला की हा सन बदलतो, म्हणून जानेवारी ते मे मधल्या तारखेला 600 मिळवायचे. फसली, म्हणजे महसुलाचा सन, असेल तर 590 चा हिशोब. ह्यात गल्लत झाली तर निवाडा दुसऱ्याच राजाच्या कारकिर्दीत जाऊन पडतो, आणि मग पुढचं सगळं स्पष्टीकरण वाया. आधी साल पक्कं कर, मग साहेब, मग कोर्ट. संस्थानांची कोर्ट फी तिकिटंही वेगळी असायची. कागदाच्या कोपऱ्यात चिकटलेलं तिकीट बघायला विसरू नकोस. पुष्कळदा मजकुराआधी तेच धनी कोण ते सांगतं.

शेवटचं प्रकरण तू 1960 ला संपवलंस, ते बदल. ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापूरला सुरू झालं आणि सांगली, सातारा त्याच्या हद्दीत आले. कोल्हापूर संस्थानचं स्वतःचं हायकोर्ट 1931 मध्ये होतं, विलीनीकरणात गेलं. आता आपले पक्षकारही तिकडं जाऊ लागलेत. हे जोडून लिही, पण कौतुकाचा सूर नको; जतच्या पूर्वेकडच्या गावातून कोल्हापूरला पोचायला एसटीनं किती वेळ लागतो ते आधी स्वतः जाऊन बघ.

आणि जतला निघशील तेव्हा कन्नड वाचणारं कुणी सोबत घे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त तलाठी आहेत, त्यांना आजच फोन करतो.

तुझा,
काका