‘गुत्त्या’ला लाजू नका

प्रश्न असा आला आहे: सतराव्या शतकातल्या डच चित्रांत शेतकरी पीत बसलेले दिसतात, त्या जागेला मराठीत ‘बार’ म्हणावे, ‘मद्यालय’ की ‘गुत्ता’?

‘बारमधील शेतकरी’ हे शीर्षक वाचले की माझे डोके फिरते. बार म्हणजे मुळात गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामधला आडवा कठडा. आद्रियान फान ओस्टाडेच्या चित्रात बाकडी आहेत, पिंपे आहेत, चूल आहे, धूर आहे. कठडा कुठे आहे? ‘मद्यालय’ सरकारी फलकावर राहू द्या, ‘मधुशाला’ कवितेत.

राहिला गुत्ता. तो हलका शब्द म्हणून टाळतात, आणि काही जण ठासून सांगतात की तो ‘गुप्त’वरून आला, कारण तिथे लपून पितात. प्राकृतात ‘गुप्त’चे ‘गुत्त’ होते, हे कबूल. पण नुसता ध्वनी जुळून भागत नाही, अर्थाचे काय? गुत्ता म्हणजे मक्ता, ठेका. कानडीत ‘गुत्तिगे’ म्हणजे कंत्राट, तेलुगूत ‘गुत्त’ म्हणजे खंडाने घेतलेला हक्क. मराठवाड्यात रस्ता बांधणारा आजही गुत्तेदारच असतो आणि तो दारूचा थेंब विकत नाही! दारू विकण्याचा हक्क लिलावात मक्त्याने दिला जाई, म्हणून त्या दुकानाचे नाव गुत्ता पडले. चारचौघांत बोली लावून मिळवलेली गोष्ट गुप्त कशी असेल? ‘गुप्त’वाल्यांनी एकदा मराठवाड्यात जाऊन यावे.

आणि हाच शब्द हॉलंडला नेमका बसतो. तिथे बिअरवरचा कर वसूल करण्याचे काम मक्त्याने दिले जाई. मक्ता विक्रीचा नव्हे, वसुलीचा, हा फरक आहे. पण पेल्यामागे मक्तेदार उभा, हे दोन्हीकडे सारखेच. लोकांचा या मक्तेदारांवर इतका राग की १७४८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांची घरे लुटली गेली आणि हॉलंडने ती पद्धतच मोडीत काढली. चित्रकार यान स्टेन तर या धंद्यातलाच. १६५४ मध्ये वडिलांनी त्याच्यासाठी डेल्फ्टमध्ये बिअरची भट्टी भाड्याने घेतली, आणि १६७२ मध्ये त्याने लायडनमध्ये पिण्याची जागा चालवायचा परवाना काढला. त्याच्या चित्रांतला गोंधळ आतून पाहिलेला आहे.

‘शेतकरी’ म्हणतानाही जपून. आद्रियान ब्राऊवरच्या ‘धूम्रपान करणारे’ या सुमारे १६३६ च्या चित्रात मधोमध धूर सोडणारा खुद्द ब्राऊवर आहे, आणि शेजारी त्याचे चित्रकार मित्र. ब्राऊवर मूळचा फ्लँडर्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियमकडचा. हार्लेम या डच शहरात राहून गेला म्हणून त्याला सरसकट डच म्हणू नये.

आद्रियान फान ओस्टाडेचा धाकटा भाऊ इसाक मात्र वेगळा. तो दारापुढे थांबलेले घोडे, गाड्या, प्रवासी रंगवतो. तिथे गुत्ता नको, ‘सराई’ लिहा.