वायरमन म्हणून ठेकेदाराकडे काम करतोय. आता स्वतःची कामं घ्यायला काय काय लागतं?

तुम्ही लिहिलंय की तारतंत्रीचा (वायरमनचा) आयटीआय झालाय, वायरमनचा परवाना आहे, मिरजेत एका ठेकेदाराकडे काम करताय आणि आता लोक थेट तुम्हालाच वायरिंगचं विचारायला लागलेत. मी सांगलीत हाच धंदा करतो, म्हणून मला जे महत्त्वाचं वाटतं ते आधी सांगतो.

पहिलं ठेकेदाराचं लायसन. जीएसटी, उद्यम (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी), लेटरहेड हे सगळं त्यानंतर. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला काही लागत नाही. पण नवीन वायरिंग किंवा जुन्यात वाढ करायची असेल, तर ती शासनाचं लायसन असलेल्या ठेकेदारानंच करायची आणि तीही पर्यवेक्षकाचा दाखला असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली, असा नियम आहे. तुमच्या परवान्यावर तुम्ही हातानं काम करू शकता, ठेका घेऊ शकत नाही. ठेकेदाराच्या लायसनला पर्यवेक्षक दाखवावा लागतो. तो दाखला तुम्ही स्वतः मिळवा, नाहीतर तसा माणूस ठेवा. मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र), अर्थ टेस्टर (अर्थिंग तपासायचं यंत्र) ही साधनंही स्वतःची हवीत. अर्जाची माहिती विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात मिळते. तिथं अनुभव विचारतात, म्हणून सध्याच्या मालकांकडून लेटरहेडवर, त्यांच्या लायसन नंबरसह अनुभवाचा दाखला आत्ताच घ्या, संबंध चांगले आहेत तोवर.

नवीन मीटरसाठी महावितरणला टेस्ट रिपोर्ट (वायरिंग तपासल्याचा कागद) द्यावा लागतो आणि त्यावर ठेकेदाराची सही असते. पैसे देऊन दुसऱ्याची सही आणणारे तुम्हाला भेटतील. त्या वाटेला जाऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात सांगलीच्या गावभागातल्या घरांत मीटर आणि बोर्ड पाण्याखाली गेले होते. अशा घरात चिखल धुऊन, वाळवून, मेगर लावून रीडिंग बघितल्याशिवाय मेन चालू केला, तर घरातलं माणूस जाऊ शकतं. सही करणाऱ्यानं ते रीडिंग स्वतः घेतलेलं असायला हवं. पूरपट्ट्यात नवीन काम घेतलंत तर मीटर आणि मेन बोर्ड पुराच्या खुणेच्या वर घ्यायचा आग्रह धरा, घरमालक कितीही कुरकुरला तरी.

आता पैशाचं. दर पॉइंटवर (दिवा, पंखा, प्लग अशा एकेका जोडणीवर) ठरतो आणि भांडणं पॉइंट मोजण्यावरूनच होतात. बोर्डावरचा प्लग वेगळा पॉइंट धरायचा का, टू-वे (एकच दिवा दोन ठिकाणांहून चालू-बंद करायचा स्विच) कसा मोजायचा, एसीची लाईन दरात आहे का, पाइपासाठी भिंतीत झिरी मारायची आणि ती बुजवायची कोणी, हे कोटेशनमध्ये लिहा आणि घरमालकाची सही घ्या. पैसे टप्प्यानं मागा: स्लॅबमधलं पायपिंग, मग भिंतीतलं, मग वायर ओढणं, शेवटी फिटिंग. फिटिंगपर्यंत थांबलात तर तुमचे पैसे मालकाच्या फरशी-रंगात अडकतात.

सुरुवातीला फक्त लेबर रेटनं (नुसत्या मजुरीवर) कामं घ्या. मटेरियलसह घेतलीत की त्याची किंमतही तुमच्या उलाढालीत धरली जाते, आणि वर्षाला २० लाखांच्या पुढे गेलात की जीएसटी नोंदणी करावीच लागते. कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीचं काम केलंत तर एका बिलाला ३० हजारांच्या वर १ टक्का टीडीएस (बिलातूनच कापला जाणारा आयकर) कापतात. पॅन दिला नाही तर तोच २० टक्के होतो. आयकर रिटर्न भरा, कापलेले पैसे हिशोबात मिळतात, आणि पुढं कर्ज काढताना बँक रिटर्नच मागते. व्यवसाय कराचे वर्षाला २,५०० रुपये धरून ठेवा. उद्यम नोंदणी आधार-पॅनवर फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका.

हाताखाली एक पोरगा ठेवलात तरी कामावर त्याला काही झालं तर जबाबदारी तुमची. कामगार भरपाईची विमा पॉलिसी काढा. शिवाय त्याच्या बँक खात्यातून वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा सरकारी अपघात विमा निघतो, तो पहिल्याच आठवड्यात काढायला लावा. शिडीवर चढणाऱ्या पोराच्या घरी दुसरा आधार नसतो.

नोकरी लगेच सोडू का, असं विचारलंत. लायसन हातात येईपर्यंत नको. तोवर आलेलं नवीन वायरिंगचं काम सध्याच्या मालकांच्या नावावर करा आणि त्यात तुमचा हिस्सा ठरवून घ्या. पीएफ असेल तर सोडताना काढू नका, पावसाळ्यात बांधकामं थंडावतात तेव्हा नव्या ठेकेदाराची चणचण सुरू होते आणि पहिला हात पीएफच्या पैशाकडंच जातो. म्हणून तीन महिन्यांचा घरखर्च वेगळा बाजूला टाकून मगच निघा.