'पर्सिव्हिअर' या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ काय आणि ते वाक्यात कसं वापरायचं?

अडचणी येत असताना, फळ लवकर दिसत नसतानाही काम नेटाने करत राहणं, हा अर्थ. शब्दकोशात 'चिकाटी धरणे' मिळेल आणि ते बरोबरच आहे. गाडी अडते ती वाक्य करताना.

मराठीत आपण 'अभ्यास चिकाटीने करतो'. क्रियापद 'करणे', कर्म 'अभ्यास', आणि चिकाटी फक्त रीत सांगते. इंग्रजीत चिकाटीच क्रियापद होऊन बसते, तेही अकर्मक. म्हणून 'शी पर्सिव्हिअर्ड हर स्टडीज' चूक. मध्ये 'विथ' हवं: 'शी पर्सिव्हिअर्ड विथ हर स्टडीज'. 'विथ'पुढे हाती घेतलेली गोष्ट येते: उपचार, व्यायाम, जड जाणारं पुस्तक. 'इन'पुढे बहुधा कृती, तीही 'इंग' लावून: 'ही पर्सिव्हिअर्ड इन लर्निंग जर्मन'. 'ट्राइड टू लर्न'च्या वळणावर 'पर्सिव्हिअर्ड टू लर्न' लिहायचा मोह होतो, तो टाळा. कशाला न जुमानता, हे सांगायचं तर 'डिस्पाइट': 'दे पर्सिव्हिअर्ड डिस्पाइट द हीट'.

'पर्सिस्ट'शी गल्लत फार होते. खोकला पर्सिस्ट करतो, पाऊसही करतो. तिथे फक्त 'थांबत नाही' एवढंच म्हणायचं असतं. माणसाला लावलं तर त्यात वैतागही असू शकतो. बजावूनही रोज उशिरा येणाऱ्याला मिळणाऱ्या मेमोत 'पर्सिस्ट' असेल, 'पर्सिव्हिअर' नाही. कारण 'पर्सिव्हिअर'ला कष्ट घेणारा माणूस लागतो आणि सूर बहुतेक कौतुकाचा असतो. खोकला काही चिकाटी धरत नाही!

स्पेलिंग चुकतं ते 'व्ही'च्या आधी जादा 'आर' घुसवल्याने. सोपी युक्ती: कडक या अर्थाचा 'सिव्हिअर' लिहा आणि त्याच्या आधी 'पी-ई-आर' जोडा. हा योगायोग नाही. दोन्ही शब्द लॅटिन 'सेव्हेरुस'वरूनच आलेत. उच्चारात जोर 'व्हिअर'वर. घाईत 'प्रिझर्व्ह' लिहू नका, त्याचा अर्थ जतन करणे.

नाम 'पर्सिव्हिअरन्स', शेवटी 'ए-एन-सी-ई'. १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरलेल्या नासाच्या रोव्हरचं नाव तेच.

हा शब्द थोडा औपचारिक आहे. प्रगतिपुस्तकात, अर्जात, शिफारसपत्रात शोभतो. मित्राला 'सोडू नकोस रे' म्हणायचं असेल तर 'कीप ॲट इट' किंवा 'स्टिक विथ इट' लिहा.