टायटनवर वस्ती कधी होईल, आणि त्यासाठी अकरावीत काय करायचं?

प्रश्न: मी नागपूरला नंदनवनमध्ये राहते, अकरावी सायन्सला आहे. शनीच्या टायटन या चंद्रावर किंवा गुरूच्या युरोपा या चंद्रावर माणसं कायमची राहायला जातील, त्या कामात मला असायचं आहे. बाबांचं इतवारीत किराणा दुकान आहे. ते म्हणतात, "हे खूळ सोड, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घे." मला केमिस्ट्री मनापासून आवडते. एरोस्पेसच घ्यावं लागेल का? एका संस्थेचा 'स्पेस सायंटिस्ट' सर्टिफिकेट कोर्स आहे, फी बरीच आहे. करू का? माझ्या आठवीतल्या भावालाही याच कामात जायचं आहे.

उत्तर:

बेटा, सर्टिफिकेटचं आधी उरकून टाकू. तो कोर्स करू नकोस. इस्रोची वैज्ञानिक-अभियंता पदांची भरती निघते तेव्हा बी.ई. किंवा बी.टेक.ला किमान ६५ टक्के लागतात, मग लेखी परीक्षा आणि मुलाखत. अशा कोर्सचा कागद तिथे कोणी मागत नाही. बाबांनी दिवसभर दुकानात उभं राहून कमावलेला पैसा त्यावर घालवू नकोस, हे मी अगदी ठासून सांगतो.

आता 'कधी' या प्रश्नाकडे येऊ. तू निवृत्त होशील तोवर टायटनवर माणसांची वस्ती झालेली नसेल, असं माझं स्पष्ट मत आहे. आजवर चंद्रावर बाराच माणसं उतरली. त्यातला सगळ्यात लांब मुक्काम डिसेंबर १९७२ मधल्या अपोलो १७ चा, जेमतेम तीन दिवसांचा. परक्या जमिनीवर, कमी गुरुत्वाकर्षणात राहण्याचा माणसाचा अनुभव एवढाच. अंतराळात सलग राहण्याचा विक्रम व्हॅलेरी पोल्याकोव यांचा आहे, ४३७ दिवसांचा. कॅसिनी यानाला शनीपर्यंत पोचायलाच १९९७ ते २००४ अशी जवळजवळ सात वर्षं लागली होती. आणि वस्ती म्हटली की तिथे मुलं जन्माला येणं, वाढणं आलं. माणसाच्या बाबतीत त्याचा अजून काहीच अनुभव नाही.

युरोपाचं नाव तर वहीतून खोडूनच टाक. तिथे पृष्ठभागावर दिवसाला सुमारे ५.४ सिव्हर्ट (किरणोत्सर्गाच्या मात्रेचं माप) किरणोत्सर्ग होतो. एक दिवस उघड्यावर काढला तरी जीव जाऊ शकतो. म्हणूनच २००३ साली नासाच्या अभ्यासगटाने गुरूपर्यंत माणूस न्यायचा विचार मांडला, तेव्हा गुरूचाच दुसरा चंद्र कॅलिस्टो निवडला. तो त्या तीव्र किरणोत्सर्गाच्या पट्ट्यांच्या बाहेर पडतो.

टायटन मात्र तू चांगला हेरलास. तिथे नायट्रोजनचं दाट वातावरण आहे, दाब पृथ्वीच्या दीडपट. त्यामुळे फुगीर प्रेशर सूट लागणार नाही, आणि किरणोत्सर्ग बराचसा वरच अडतो. पण तापमान उणे १७९ अंश, हवेत ऑक्सिजन नाही, आणि शनीजवळ सूर्यप्रकाश आपल्या एक टक्क्याच्या आसपास, त्यातलाही बराच धुरक्यात अडकतो. जमीन पाण्याच्या बर्फाची आहे, त्या थंडीत दगडासारखी कडक. त्यावर उबदार घर बांधलं तर घराची ऊबच पायाखालचा बर्फ वितळवेल. तुझ्या ओळखीत कोणी सिव्हिल इंजिनिअर असेल तर हा प्रश्न त्याला घालून बघ. तासभर तरी बोलत बसेल.

नासाचं ड्रॅगनफ्लाय जुलै २०२८ मध्ये निघून २०३४ मध्ये टायटनवर पोचायचं आहे. रोटरवर उडणारं हे यान अणुऊर्जेवर चालतं. त्याचा वीजस्रोत सुरुवातीला साधारण ११० वॉट देतो, म्हणजे आपल्या घरातला छताचा पंखा आणि दोन-चार एलईडी दिवे चालतील एवढी वीज. त्यावर बॅटरी हळूहळू भरायची आणि मग उडायचं. संदेश एका बाजूने जायलाच तासाहून जास्त लागतो, त्यामुळे कुठे उतरायचं ते यानालाच ठरवावं लागतं. ते सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवालेच लिहितात. त्यामुळे बाबांच्या शब्दाशी भांडायचं कारण नाही. तुला कोडिंगमध्ये रस आहे का, एवढंच स्वतःला विचार.

या मोहिमांच्या तारखा तुझ्या वयाशी ताडून बघ. नासाचं युरोपा क्लिपर यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोचेल, तेव्हा तू पदवीचं तिसरं वर्ष संपवत असशील. युरोपीय अंतराळ संस्थेचं ज्यूस यान जुलै २०३१ ला, तेव्हा तुझी पदवी नुकतीच हाती आलेली असेल. ड्रॅगनफ्लाय उतरेल तेव्हा तू पीएच.डी. करत असू शकतेस. एक मोहीम संपली तरी तिच्या आकड्यांवर वर्षानुवर्षं काम चालतं. कॅसिनी २०१७ मध्ये शनीत विसर्जित झालं, त्याच्या नोंदींवर आजही शोधनिबंध येतात. त्या नोंदी नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिमवर फुकट मिळतात. सुट्टीत पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शीक आणि त्यातली टायटनची चित्रं स्वतः उघडून बघ. त्या सर्टिफिकेट कोर्सपेक्षा हे कितीतरी जास्त शिकवेल.

मला तुला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते पाण्याबद्दल, कारण तुझी केमिस्ट्री तिथेच लागणार आहे. एवढ्या लांब पाणी, हवा, खत पुन्हापुन्हा कोणी नेऊन देणार नाही. जे असेल तेच फिरवत राहावं लागेल. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात लघवी, घाम, श्वासातली वाफ यांतून ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत २०२३ मध्ये मजल गेली. पण उरलेले दोन टक्के दशकानुदशकं दर फेरीला गळत राहिले तर वस्तीचं पाणी संपेल. भारताच्या माणसांना अंतराळात नेणाऱ्या गगनयानासाठीही हवा-पाणी सांभाळणारी यंत्रणा इस्रो देशातच तयार करत आहे. आणि याच विद्येचं जमिनीवरचं घर आपल्या नागपुरात आहे, नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. त्यांच्या फायटोरिड पद्धतीत सांडपाणी खडी भरलेल्या वाफ्यांतून सोडतात. वर कर्दळीसारखी झाडं असतात, त्यांच्या मुळांशी वाढणारे जिवाणू घाण खातात, आणि दुसऱ्या टोकाला बागेला घालण्याजोगं पाणी निघतं. हा वाफा बंद डब्यात, सातव्या हिश्शाच्या गुरुत्वाकर्षणात, कृत्रिम उजेडावर चालवायचा झाला तर काय काय बिघडेल? असा प्रश्न घेऊन आयुष्यभर काम करता येतं, आणि टायटन कितीही लांब राहिला तरी ते काम वाया जात नाही. नीरी ज्या सरकारी संशोधन परिषदेची प्रयोगशाळा आहे त्या सीएसआयआरचा 'जिज्ञासा' उपक्रम विद्यार्थ्यांना प्रयोगशाळा दाखवण्यासाठीच आहे. तुमच्या प्राचार्यांना नीरीला पत्र पाठवायला सांग.

तेव्हा एरोस्पेसच हवं असं मुळीच नाही. तुझ्यासाठी मी केमिकल इंजिनिअरिंग सुचवेन. एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतून आपलं एलआयटी (लक्ष्मीनारायण) आहे, १९४२ पासूनचं, जेईई मेनमधून व्हीएनआयटी आहे. शुद्ध विज्ञानाकडे मन ओढत असेल तर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेची वेगळी प्रवेश परीक्षा असते. तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञान संस्थेला जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते.

एक अडचण आत्ताच माहीत असू दे. इस्रोच्या मोठ्या भरतीत बहुतेक जागा इलेक्ट्रॉनिक्स, मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरच्या असतात. केमिकलच्या थोड्या, त्याही अधूनमधून निघतात. नासाच्या सरकारी नोकरीला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं, विद्यापीठांतून संशोधनाचा रस्ता मात्र खुला असतो. म्हणून पदवीनंतर गेट ही प्रवेश परीक्षा देऊन एम.टेक., पुढे पीएच.डी. असा लांबचा हिशोब धर. बाबांना घरखर्चाची काळजी आहे आणि ती रास्त आहे. त्यांना सांग की केमिकलचा पदवीधर पाणीशुद्धीकरणात, औषधांच्या कारखान्यात, रिफायनरीत कुठेही पोट भरू शकतो. आणि गणित कोणत्याही परिस्थितीत सोडू नकोस.

भाऊ आठवीत आहे ना? इस्रोचा युविका कार्यक्रम नववीच्या मुलांसाठी असतो, आणि त्याला फी नाही. पुढच्या वर्षी जाहिरात निघाली की त्याचा अर्ज तू स्वतः बसून भर.