हिमोग्लोबिन कमी, पण आरबीसी जास्त

ताई, हिमोग्लोबिन १०.६ वर अडकलंय, आठ महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हलत नाही आणि आता बाळाचा विचार आहे, असं तुम्ही लिहिलंय. पण मी थांबलो ते रिपोर्टमधल्या दुसऱ्याच दोन आकड्यांवर: आरबीसी (लाल पेशींची संख्या) ५.६, एमसीव्ही (लाल पेशीचा सरासरी आकार) ६२.

लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि हळूहळू त्यांची संख्याही घटते, कारण अस्थिमज्जेला कच्चा मालच पुरत नाही. तुमच्या पेशी लहान आहेत, पण संख्या बायकांच्या नेहमीच्या मर्यादेच्या वर. थॅलेसेमिया मायनरमध्ये, म्हणजे रक्तातला जनुकीय दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेला असताना, असं दिसतं. तिथे हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन या प्रथिनाची साखळी कमी बनते, प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिन थोडं भरतं आणि शरीर जास्त पेशी बनवून ती तूट भरून काढायला बघतं.

एमसीव्हीला आरबीसीने भागा. ६२ भागिले ५.६, म्हणजे साधारण ११. तेराच्या खाली आलं तर मायनरचा संशय घ्यायचा, वर आलं तर लोहाच्या कमतरतेचा. याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात. हा ठोकताळा आहे, निदान नाही. दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर तो फसवतो.

म्हणून दोन तपासण्या करा: फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसीवर (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे मोजणारी तपासणी) हिमोग्लोबिन ए-टू, म्हणजे त्यातला एक प्रकार. ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर गेलं तर बहुधा मायनरच. फेरिटिन बरोबरच हवं, कारण लोह फार कमी असेल तर ए-टूही खाली दिसू शकतं. फेरिटिन चांगलं निघालं तर गोळ्या चालू ठेवायच्या का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

मायनर हा आजार नव्हे, त्याचा सहसा त्रास होत नाही. पण नवराही मायनर असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर (याच दोषाचं गंभीर रूप) असण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि मेजर म्हणजे जन्मभर रक्त चढवणं. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत हे जास्त आढळतं, पण आपल्याकडे नसतं असं धरून चालू नका. लॅबमध्ये असताना मी एक बाळ पाहिलंय, सहा महिन्यांचं, मेजर निघालेलं. आईची गरोदरपणातली फाइल उघडली तर तीन रिपोर्टांत हेच आकडे होते. प्रत्येक वेळी फक्त हिमोग्लोबिन वाचलं गेलं आणि गोळ्या लिहून दिल्या गेल्या. ती फाइल मी विसरलेलो नाही.

तुमचा ए-टू येईपर्यंत थांबू नका, यजमानांची सीबीसी (रक्तपेशींची साधी तपासणी) आणि एचपीएलसी याच आठवड्यात करून घ्या. दिवस राहिल्यावर कळलं तर गर्भाच्या तपासणीसाठी हाताशी मोजकेच आठवडे उरतात.