आमिश घरातली भांडणं टीव्हीवर दाखवतात तशीच असतात का?

तुम्ही लिहिलंय की ‘बॅन्शी’ ही मालिका आणि ‘आमिश ग्रेस’ हा चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर प्रश्न पडला: आमिश (अमेरिकेतला जुन्या चालीने राहणारा ख्रिश्चन पंथ) आईबाप खरंच इतके कठोर असतात का, की पोरगी जरा चुकली तर तिला दार कायमचं बंद? आणि तो पांढऱ्या दाढीचा बिशप घराघरावर असा हुकूम चालवतो का?

मी पेनसिल्व्हेनियात राहते. लँकेस्टर काउंटीत माझं नेहमीचं येणंजाणं आहे. भाजी, अंडी, लोणी आमिश शेतकऱ्यांकडूनच घेते आणि या लोकांबद्दल मिळेल ते वाचत आले आहे. माझं मत आधीच सांगते. टोप्या, घोडागाड्या, कंदील हे सगळं मालिका बऱ्यापैकी जमवतात. घरातला संघर्ष मात्र त्यांच्या हाती क्वचित लागतो, कारण त्यांना गोष्ट हवी असते घर सोडून जाणाऱ्याची. आमिश घरातली बहुतेक भांडणं असतात ती काहीही झालं तरी इथेच राहायचं ठरवलेल्या माणसांमधली.

थोडी पार्श्वभूमी सांगते. १६९३ मध्ये स्वित्झर्लंड आणि अल्सासमधल्या ॲनाबॅप्टिस्ट (मोठेपणीच बाप्तिस्मा घ्यावा असं मानणाऱ्या) ख्रिश्चनांत फूट पडली. याकोब अम्मान नावाच्या धर्मवडिलांच्या बाजूने गेले ते आमिश. मंडळीतून, म्हणजे आपल्या धर्मसमूहातून, काढलेल्या माणसाशी संबंध ठेवायचे की तोडायचे, हा त्या वादातला एक मोठा मुद्दा होता. म्हणजे आज ज्या गोष्टीवर मालिका उभ्या राहतात, तिच्यावरच हा पंथ वेगळा झाला. अठराव्या शतकापासून ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. आज त्यांची संख्या सुमारे ४ लाख आहे आणि त्यातले निम्म्याहून जास्त पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियाना या तीन राज्यांत राहतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. आमिश तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. मुलगा किंवा मुलगी मोठी झाल्यावर, साधारण अठरा ते बावीसच्या दरम्यान, स्वतःहून ‘मला घ्यायचाय’ म्हणते तेव्हाच बाप्तिस्मा होतो. तो आयुष्यभराचा शब्द असतो, सगळ्या मंडळीसमोर गुडघे टेकून दिलेला. वाळीत टाकतात ते हा शब्द देऊन मोडणाऱ्याला. ज्याने बाप्तिस्मा घेतलेलाच नाही तो घर सोडून गेला, तर आईबाप रडतात, गावात कुजबुज होते, पण त्याच्यावर बहिष्कार पडत नाही. तो सणावाराला घरी येतो, आईच्या पानावर जेवतो. हा फरक टीव्हीवर जवळजवळ नेहमीच गाळतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी जीन्स घालून पार्टीला जाताना पकडली जाते आणि दुसऱ्या दिवशी सगळं गाव तिच्याकडे पाठ फिरवून उभं, असलं दृश्य दिसलं की समजायचं, लेखकाला फक्त पाठ फिरवलेल्या माणसांची रांग हवी होती.

रुमश्प्रिंगाचंही तेच. सोळाव्या वर्षापासून बाप्तिस्म्यापर्यंतचा हा मोकळीक असलेला काळ टीव्हीवर दारू, गाड्या आणि शहरातली पळापळ म्हणून येतो. असं वागणारी मुलं असतात, नाही असं नाही. पण बहुतेक जण या काळात घरीच राहतात, दिवसभर काम करतात, रविवारी संध्याकाळी समवयस्कांच्या गाण्याच्या बैठकीला जातात आणि तिथे लग्न जुळतं का ते बघतात. शेवटी दहातले आठ-नऊ जण बाप्तिस्मा घेऊन मंडळीतच राहतात. एवढी मुलं राहायचं का ठरवतात, हा खरं तर केवढा मोठा नाट्यविषय आहे! त्याला कुणी हात लावत नाही.

वाळीत टाकणं म्हणजे तोंडही न बघणं, असाही समज टीव्हीने करून दिलाय. कडक आणि सैल मंडळ्यांत खूप फरक आहे, पण साधारण नियम असा की अशा माणसासोबत एका टेबलावर जेवायचं नाही आणि त्याच्या हातून काही घ्यायचं नाही. बोलायला आणि मदत करायला बंदी नसते. काही घरांत आई काय करते, तर दोन टेबलं एकमेकांपासून बोटभर अंतरावर लावते आणि वरून एकच मोठा टेबलक्लॉथ अंथरते. नियम पाळला जातो, कारण टेबलं दोन आहेत. आणि लेक जेवायला समोर बसलेला असतो. त्या बाईने हे टेबल लावताना मनात काय काय सोसलं असेल, यावर एक अख्खा भाग लिहिता येईल. मी पाहिलेल्या कुठल्याही मालिकेत मला हे टेबल दिसलेलं नाही. आणि गुडघे टेकून कबुली दिली की माणूस परत घेतला जातो, कितीही वर्षांनी. हे दार उघडं असणंच कधीकधी फार क्रूर होतं, कारण आई रोज वाट बघत राहते आणि लेकाला ते ठाऊक असतं.

‘बॅन्शी’ मला गुन्हेगारी मालिका म्हणून आवडली होती. २०१३ ते २०१६ या काळात सिनेमॅक्स वाहिनीवर आलेली. त्यातला काई प्रॉक्टर आमिश घरात जन्मलेला, वाळीत पडलेला आणि आता गावाचा डॉन. घरातून बाहेर पडलेली त्याची भाची त्याच्याच आसऱ्याला येते. पण तिथलं आमिश कुटुंब म्हणजे फक्त एक बंद दरवाजा आहे. आतली माणसं काय विचार करतात ते मालिकेला जाणून घ्यायचंच नाही. दुसरा नेहमीचा साचा म्हणजे बाहेरून येणारा पोलीस किंवा वकील. १९८५ च्या ‘विटनेस’ चित्रपटाने तो पक्का केला आणि टीव्हीने तो वर्षानुवर्षं वापरला. १९९६ च्या ‘हार्वेस्ट ऑफ फायर’मध्ये कोठारं जळतात म्हणून एफबीआयची बाई येते. २००४ च्या ‘प्लेन ट्रूथ’मध्ये फिलाडेल्फियाची वकील आमिश शेतावर राहायला येते. २०१३ च्या ‘ॲन आमिश मर्डर’मध्ये पोलीसप्रमुख स्वतःच आमिश घरातून बाहेर पडलेली. प्रत्येक ठिकाणी आपण घर बघतो ते पाहुणीच्या डोळ्यांनी, आणि पाहुणीसमोर कुठलं घर खरं भांडतं?

शिवाय भाषा. आमिश घरात आपसांत पेनसिल्व्हेनिया डच बोलतात, ती जर्मनचीच एक बोली. प्रार्थनेत जुनी जर्मन, बाहेरच्यांशी इंग्रजी. टीव्हीवर नवरा-बायको मध्यरात्री स्वयंपाकघरातसुद्धा जड उच्चाराच्या इंग्रजीत भांडतात. त्यामुळे ती माणसं कायम कुणासाठी तरी बोलत असल्यासारखी वाटतात.

बिशपबद्दल विचारलंत, ते सविस्तर सांगते, कारण इथे मालिका सगळ्यात जास्त फसवतात. आमिश मंडळी म्हणजे साधारण वीस ते चाळीस कुटुंबं. चर्चची इमारत नसते. एक रविवार सोडून एक रविवार कुणाच्या तरी घरात किंवा कोठारात सभा भरते. धर्मसेवक कुठल्या कॉलेजात शिकून येत नाहीत, त्यांना पगार नसतो. मंडळीतले लोक नावं सुचवतात, जितकी नावं तितकी गीतांची पुस्तकं टेबलावर मांडतात आणि त्यातल्या एकात चिठ्ठी असते. ज्याच्या पुस्तकात चिठ्ठी निघाली तो त्या क्षणापासून मरेपर्यंत सेवक. पुढे बिशपही अशा सेवकांतूनच चिठ्ठीने निवडला जातो. चिठ्ठी निघते तेव्हा अभिनंदन कुणी करत नाही. त्याची बायको बहुधा रडत असते, कारण शेती सांभाळून प्रवचनं द्यायची, लोकांची भांडणं मिटवायची, आजाऱ्यांकडे जायचं आणि आपल्या मुलांवर सगळ्यांची नजर, हे सगळं आता तिच्याही गळ्यात पडलेलं असतं. टीव्हीवरचा सत्तेला चटावलेला म्हातारा यातून कसा येणार? चटावलेले असतात, पण त्यांची गोष्टही या चिठ्ठीपासूनच सुरू व्हायला हवी.

आणि खरी भांडणं कुठे होतात? वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, मंडळीची एक सभा होते. ऑर्डनुंग म्हणजे जगण्याचे न छापलेले नियम. ते त्या दिवशी सांगितले जातात आणि प्रत्येकाला विचारलं जातं, तुला हे मान्य आहे का, तुझं कुणाशी काही वाकडं आहे का. सगळे एकमताने ‘शांती आहे’ म्हणाले तरच पुढचं प्रभुभोजन. दोन मेहुण्यांत बांधावरून अबोला असेल, तर तो कधीकधी अख्ख्या मंडळीचं प्रभुभोजन लांबवू शकतो. मग वडीलधारे त्यांच्या घरी खेपा घालतात, बायका मध्ये पडतात, कुणीतरी आधी नमतं घेतं. प्रभुभोजनाच्या दिवशी हीच माणसं जोडीजोडीने एकमेकांचे पाय धुतात. मला सांगा, सहा महिने ज्याच्याशी बोललो नाही त्याच्या पायाशी बादली घेऊन वाकणं, याहून मोठा क्लायमॅक्स कुठला पटकथालेखक लिहिणार आहे?

भांडणाचे विषयही टीव्हीला वाटतात त्यापेक्षा फार वेगळे. जमिनीचे भाव इतके चढलेत की सहा-सात मुलांच्या घरात सगळ्यांना शेत मिळणं अशक्य. मग एक मुलगा सुतारकामाचं दुकान टाकतो, इंडियानात असेल तर मोटारघरं बनवणाऱ्या कारखान्यात जातो. बाप दिवसभर घरी नाही, रोख पैसा हातात, मुलं शेतावर बापासोबत वाढत नाहीत. आमिश वडीलधाऱ्यांना याची खरी काळजी आहे. म्हातारे आईबाप शेत मुलाकडे देऊन शेजारच्या जोडघरात राहायला जातात, तिथे सून आणि सासू एकाच अंगणात. मराठी प्रेक्षकाला यातलं काहीही समजावून सांगावं लागणार नाही.

टेलिफोनचंच घ्या. घरात फोन घ्यायचा की नाही, हा १९१० च्या सुमारास लँकेस्टरमध्ये पडलेल्या फुटीतला एक वाद होता. पुढे कित्येक वर्षांनी तोडगा निघाला तो आजही दिसतो: घरापासून दूर, रस्त्याच्या कडेला एक लाकडी खोपटं, उभ्या पेटीएवढं. मी नेहमी भाजी घेते त्या शेताच्या तोंडाशी तसं एक आहे. आत एक स्टूल, फळीवर फोन आणि निरोप घेणारं यंत्र, दोरीला बांधलेली पेन्सिल, नंबर लिहिलेली वही. फोन हवा, पण तो जेवताना वाजायला नको. एका पिढीने याच्यावरून नातेवाईक गमावले आणि पुढच्या पिढ्यांनी हे खोपटं बांधलं.

‘आमिश ग्रेस’वर तुम्ही जास्त विचारलंय. २ ऑक्टोबर २००६ रोजी लँकेस्टर काउंटीतल्या निकेल माइन्सच्या शाळेत एका माणसाने १० मुलींवर गोळ्या झाडल्या. त्यातल्या ५ दगावल्या आणि त्याने स्वतःलाही संपवलं. तो त्याच भागातल्या शेतांवरून दूध गोळा करणारा ट्रकचालक होता. आमिश लोक त्याच दिवशी त्याच्या घरच्यांना भेटायला गेले, पुढे त्याच्या अंत्यविधीला उभे राहिले, त्याच्या बायकामुलांसाठी पैसे जमवले. २०१० च्या चित्रपटात इडा ही माफ करायला तयार नसलेली आई आहे. ती काल्पनिक आहे. चित्रपटाला एक नकार देणारी बाई हवी होती, तिला समाज सोडायच्या उंबरठ्यावर आणायचं होतं आणि शेवटी एका प्रसंगाने तिचं मन वळवायचं होतं. अभिनय चांगला आहे, पण क्षमा ही अशी एका दुपारी येणारी गोष्ट नव्हती. तिथले आईबाप समुपदेशकांकडे गेले, राग येतो असं मोकळेपणाने म्हणाले, आणि माफी रोज नव्याने द्यावी लागते असंही. त्या हल्लेखोराची आई पुढे कित्येक वर्षं, सगळ्यात जबर जखमी झालेल्या मुलीच्या घरी आठवड्यातून एकदा जात असे. तिला अंघोळ घालत असे, वाचून दाखवत असे, गाणी म्हणत असे. त्या मुलीच्या आईने तिला दरवेळी दार उघडलं. चित्रपट काढायचा तर या दोन बायकांवर काढायला हवा होता.

याचा अर्थ सगळं छान आहे असा मुळीच नाही. याच क्षमेचा गैरवापर होतो. घरात लैंगिक अत्याचार झाला, की दोषी माणूस मंडळीसमोर कबुली देतो, काही आठवडे वाळीत राहतो, आणि मग तो विषय संपला असं मानलं जातं. पीडित मुलीने पुन्हा बोलायचं नाही, बोलली तर तीच अक्षमाशील ठरते. पोलिसांकडे जाणं म्हणजे विश्वासघात. ‘सिन्स ऑफ द आमिश’ या २०२२ च्या माहितीपटात अशा बायका स्वतः बोलल्या आहेत. शिवाय आठवीनंतर शाळा नाही. १९७२ च्या विस्कॉन्सिन विरुद्ध योडर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा दिली. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या मुलीच्या हातात ना शिक्षण ना ओळखीचं कुणी. रोमँटिक मालिकांत तिला बाहेर एक देखणा मुलगा भेटतो आणि प्रश्न सुटतो. मला हे खोटं सगळ्यात जास्त खुपतं.

रिॲलिटी शोंबद्दल थोडक्यात. ‘ब्रेकिंग आमिश’मधली काही मुलं चित्रीकरणाच्या खूप आधीच समाज सोडून आली होती, हे लगेच बाहेर आलं. ‘आमिश माफिया’ तर रचलेलाच प्रकार. २०१४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या गव्हर्नरांनीही तो बंद करा असं म्हटलं. आणि खरी हिंसा झाली ती २०११ मध्ये ओहायोतल्या बर्गहोल्झ इथल्या एका फुटीर गटाकडून. त्यांनी रात्री घरांत घुसून विरोधकांच्या दाढ्या आणि बायकांचे केस कापले. त्यात काहींनी आपल्याच आईबापांवर हात टाकला. १६ जण दोषी ठरले. द्वेषमूलक गुन्ह्याचा भाग २०१४ मध्ये अपिलात रद्द झाला. मुळाशी होतं काय, तर त्या गटाच्या म्होरक्याने दिलेले बहिष्कार इतर बिशपांनी मानले नाहीत, हा वाद.

तुम्हाला पुढे काय बघायचं असेल तर पीबीएस या अमेरिकी सार्वजनिक वाहिनीचा २०१२ चा माहितीपट ‘द आमिश’ बघा. त्यात आमिश माणसं कॅमेऱ्यासमोर येत नाहीत, फक्त त्यांचे आवाज ऐकू येतात आणि पडद्यावर शेतं, रस्ते, घरं दिसतात. त्यानंतर ‘सिन्स ऑफ द आमिश’. दोन्ही झाल्यावर ‘आमिश ग्रेस’ पुन्हा लावा आणि इडाऐवजी तिच्या नवऱ्याकडे लक्ष ठेवा. घरातली खरी ओढाताण तिथे थोडी सापडेल.